कोऱ्या चेहऱ्याचं काम

तीर्थरूप आईस,

नमस्कार. जेवण वेळेवर होतं, झोपही लागते, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबांच्या खोलीतला पंखा दादाने दुरुस्त केला का? खोली बंद ठेवू नका, ओल धरेल.

तान्ह्या बाळांना काय कळतं, ते शोधायचं काम मी इथे शिकतेय. बाळाला समोर बसवून आधी त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि मग एकदम चेहरा कोरा करून नुसतं बघत राहायचं. बाळ आधी हसून बघतं. मग हात हलवतं. तरी आपण ढिम्मच, म्हटल्यावर हाका मारल्यासारखं ओरडतं. रडायला लागलं की आम्ही लगेच थांबतो, त्याची आई त्याला उचलून घेते.

बाकीच्यांना मध्येच हसू फुटतं, एकीचे तर डोळेच भरून येतात. मला काही होत नाही. आमच्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्याकडून शिका." त्यांना काय सांगू? बाबा गेल्यापासून मला तो चेहरा मुद्दाम करावाच लागत नाही.

वहिनीचे मोजे पोचले. अगदी मापाचे झाले.

एक राहिलंच. परवा व्हिडिओ कॉलवर तू हसलीस, मग हात हलवलास, मग "अगं, दिसतेय ना मी?" म्हणून हाका मारत राहिलीस. मी नंतर म्हटलं, नेट अडकत होतं.

नेट चांगलं होतं, आई. पुन्हा असं झालं तर फोन ठेवू नकोस. हाका मारत राहा.

तुझी,
धाकटी