अकरा डिसेंबरची पुण्यतिथी, ऑगस्टात

ती. लीलावन्सं यांस,

औंढ्याहून नंदाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चिखलात उतरू नका म्हटलं, म्हणजे तुम्ही लावणीला उतरलाच असाल. तेव्हा आधी खाली बसा, मग वाचा. वन्सं, मी तुमच्या भावाची पुण्यतिथी चार महिने आधीच उरकली.

शिव्या नंतर द्या. आपल्या सारिकाला तुंगार्लीच्या विशेष मुलांच्या निवासी शाळेत ठेवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पोरगी टाकून आलीस. दसऱ्याच्या आत घरी आण.’ त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. एकोणीस वर्षांची झाली तरी तिला मी भरवायचे, वेणी मी घालायचे, चुलीजवळ फिरकू द्यायचे नाही. शाळेला मी अडीच पानं सूचना लिहून दिल्या होत्या (भात गार करून कालवावा, शेवटचा घास गोष्ट सांगितल्याशिवाय जात नाही, वगैरे). त्यांनी पानं ठेवून घेतली आणि सांगितलं, पहिले चाळीस दिवस भेटायचं नाही, मुलगी रुळू द्या. मी बावीस दिवस कळ काढली. मग कळलं की पुण्यतिथीला कुणी जेवण दिलं तर त्या घरच्या माणसाला पंगतीत बसवतात. पुण्यतिथी तर माझ्याकडे होतीच, फक्त डिसेंबरात होती. मी फोन करून अलीकडे ओढली. (देवाला दिवा लावताना ह्यांना सांगितलं, तुमच्या लेकीसाठी आहे, चालवून घ्या. हयातीतसुद्धा ते माझं असंच चालवून घ्यायचे.)

आता खरं सांगते. शेजारच्या लखनची रिक्षा फाटकाबाहेर उभी ठेवली होती आणि पिशवीत सारिकाचा स्वेटर होता. पोरगी जरा जरी वाळलेली दिसली तरी उचलून आणायची, असं ठरवूनच गेले होते. दहा किलो इंद्रायणी तांदूळ, शिऱ्याचं सामान आणि त्यांनी सांगितला म्हणून तुमच्या भावाचा फोटो, एवढं घेऊन मी पोचले. त्यांनी फोटो खुर्चीवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. मी पदर नाकापर्यंत ओढून पंगतीत बसले. तोंड लपवायची एवढी अक्कल होती, पण बापाचा फोटो लेक ओळखेल हे डोक्यातच आलं नाही!

आतून वरणाची बादली घेऊन कोण आलं? सारिका. वन्सं, गरम वरण, हातात पळी, केस स्वतः बांधलेले (भांग वाकडा होता, पण होता). मला वाटलं आता सांडेल, भाजेल. मी ओरडणार तेवढ्यात तिने फोटो बघितला आणि बादली नीट खाली ठेवली. म्हणाली, “पप्पांचं आज न्हाई.” कुणीतरी म्हणालं, “आजच आहे गं, लिहिलंय वहीत.” तर ही भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, एकेक पान उचलत डिसेंबरपर्यंत पोचली, अकरावर बोट ठेवलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलली, “हितं हाय. आई, तू खोटं बोललीस?” तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मेलेल्या नवऱ्याची तारीख चुकवणारी बाई त्यांनी आधी पाहिली नसावी.

शाळेच्या मोठ्या बाई तेजलताई फाटकाबाहेरची रिक्षा बघून मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मावशी, न्यायचंच असेल तर आम्ही अडवणार नाही. पण तिला विचारा.” मी विचारलं, “सारे, घरी येतीस का? रिक्षा उभी हाय.” ती म्हणाली, “आज भांड्यांचा नंबर माझा हाय. तू जेव आन् जा.” आणि मला वरण वाढलं. दुसऱ्यांदा मागितलं तर म्हणाली, “समद्यांचं एकदा होऊ दे, मग.” पोटच्या लेकीने मला रांगेत थांबवलं, वन्सं! नंबर लागेपर्यंत थांबले आणि ते वरण खाल्लं. वाईट नव्हतं, मीठ जरा कमी होतं.

स्वेटर तिथेच ठेवून आले. येताना फोटो मांडीवर धरला होता. घरी आल्यावर भात टाकला, तो दोघींचाच पडला. अजून तसाच पडतो. उरलेला सकाळी फोडणी देऊन खाते. पण तिला मी आणणार नाही, दसऱ्याला नाही आणि दिवाळीनंतरही नाही.

तुमची,
नंदा

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. जागा कायम व्हायला आणखी एका पालकाची सही लागते. रकाना आहे ‘आईच्या पश्चात कोण’. पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे करा. एवढं लांबलचक पत्र त्या फुलीसाठीच लिहिलं.

ता. क. २. तुमचं नाव मी सुचवलेलं नाही. बाईंनी तिला विचारलं, तर म्हणाली, “आत्या. पण तिला म्हणावं तिखट कमी घाल.”

ता. क. ३. सही करायची नसेल तर मला कळवू नका, तिलाच फोन करून सांगा. संध्याकाळी पाच ते सहा, भांडी आवरून ती स्वतः उचलते. ‘हॅलो, सारिका बोलतेय, कोण पाहिजे?’ असं विचारते. काल मी केला होता. कोण पाहिजे ते मला सांगताच आलं नाही.