बंद दाराची बोट

प्रिय ज्ञानेश,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. साखरपुड्याआधीपासूनची सवय, हात ऐकत नाही. यापुढचं मात्र सगळं रागानं लिहिते आहे.

बचाव पथकाची बोट आली त्या दिवशी धरणाच्या काठावर तूच सगळ्यांना समजावत होतास. खाली इंजिनाचं वजन, वर हवाबंद केबिन. बोट उलटली तर हवा पाण्याखाली दबून राहत नाही आणि वजन वर टिकत नाही, म्हणून ती आपणच कूस बदलून सरळ होते. फक्त दार घट्ट लावलेलं हवं आणि माणसांनी पट्टा बांधलेला हवा. उभा जन्म होडी वल्हवलेले माझे आबा लहान पोरासारखे ऐकत होते. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता!

मग तू मोरगावहून गणपतीची तसबीर आणून केबिनमध्ये लावलीस, आणि देव कोंडायचा नसतो म्हणून दार दोरीनं मागं बांधून टाकलंस. आबा रोज म्हणायचे, "ज्ञानेशराव, देवाला काय हुत न्हाय, दार लावा." तू म्हणायचास, "आबा, तुमी लई भित्रं." मीही तुझ्याबरोबर हसले होते. ते आठवलं की अंगाची लाही होते.

वैशाखातल्या त्या वादळात मच्छीमार अडकले म्हणून तू आणि आबा बोट घेऊन गेलात, चालवायला आबा होते. लाटेनं बोट उलटली. तू पट्टा बांधला नव्हतास, बाहेर फेकला गेलास आणि पोहून काठाला लागलास. आबांनी पट्टा बांधला होता, बोट सरळ होईल या भरवशावर. ती आबांना पोटात घेऊन दुसऱ्या दिवसापर्यंत उलटीच तरंगत होती.

तू वाचलास याचा राग नाही रे. पण पथकप्रमुख म्हणून तू अहवालात लिहिलंस, दार बंद होतं, चालक दारू प्यालेला होता. आबांनी कधी तंबाखूसुद्धा मळली नाही. निरवांगीला सख्ख्या भाच्याचं लग्न झालं, आईला आवतण आलं नाही. दारुड्याची बायको म्हणतात तिला. ती आता पाणी भरायला उन्हं चढल्यावर जाते, नळावर कुणी नसताना.

मी चौकशी अधिकाऱ्यांना एकच विचारलं, दार बंद होतं तर बोट उलटी राहिलीच कशी? बुधवारी सकाळी दहाला ते काठाशी क्रेननं बोट उलटवणार आहेत. दार बंद, आत पट्टा बांधलेला एक माणूस. तो माणूस अहवाल लिहिणाराच असावा, असा अर्ज मी दिला आणि तो मंजूर झाला. नोटीस येईलच, पण आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. घाबरू नकोस, तुला काही होणार नाही. बोट तुला सरळ वर आणेल. तू धडधाकट बाहेर येशील तेव्हा समोर आई बसलेली असेल आणि सगळं गाव तुझ्याकडे बघत असेल. तुला जिवंत बघायची इतकी घाई मला कधीच झाली नव्हती.

एकेकाळी तुझीच, आता फक्त आबांची, सावळारामांची लेक,
वृषाली