दुपारच्या हाकेचं औषध

माय, मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, एवढंच तुला माहीत होतं. परवापरवापर्यंत मलाही तेवढंच माहीत होतं. तू जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तू मला भर दुपारी हाक मारायला लागलीस. मंठ्याचं आमचं घर, गल्लीत चिटपाखरू नाही, लाइट गेलेली, सुट्टीच्या दिवशी मी ज्वारी निवडत बसलेली, आणि मागच्या दारातून तुझा आवाज. अगदी स्पष्ट. एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा कधीच नाही. मी जागची हलत नसे, कारण तूच शिकवलं होतंस, "भर दुपारच्या हाकेला लगेच ओ द्यायची न्हाई. माणूस असंल तर तीनदा बोलवंल. दुसरं काही असंल तर दोनदाच." मी ओ दिली नाही. पण दर वेळी ती ओठांपर्यंत यायची. एखाद्या दिवशी निसटलीच तर पुढे काय, या धास्तीनं दुपारी घरात एकटं बसवेना.

तुझ्या जावयाला सांगितलं तर म्हणाले, "कानात मळ साचला असंल. दाखवून येऊ." कानाच्या डॉक्टरांनी बत्ती धरून पाहिलं, कान बराबर आहेत म्हणाले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. झालं! गावात दाखवायचं तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या मंठ्याला कळलं असतं, म्हणून जालना गाठलं. औषधाच्या दुकानात मी विचारते, "झोपेचे डॉक्टर कुठं बसतात?" दुकानदार गोळ्यांची पाकिटं कापता कापता म्हणतो, "मनाचे ना? वरच्या मजल्यावर. सगळे झोपेचेच विचारतेत."

वर बाकांवर वाटूरकडची, जाफराबादकडची माणसं बसली होती, एकमेकांची नजर चुकवून. कंपाउंडर नाव पुकारतो, कोणी उठत नाही. पुन्हा पुकारतो, तरी नाही. तिसऱ्यांदा पुकारलं की एकजण ताडकन उभा राहतो. मला हसू आलं. मग माझं नाव आलं, आणि दोन हाका मीही तशीच बसून राहिले. "अहो ताई, तुम्हीच ना? मंग पहिल्यांदाच ओ द्यायला काय झालं?" तो वैतागला. "इथं काय भूत बसलंय का?" बाकावरचं कोणीही हसलं नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याहून वयानं लहान. मला वाटलं होतं शॉक देतील, कोंडून ठेवतील, निदान डोळ्यांत बघून काहीतरी ओळखतील. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली. थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितली. आवाज केव्हा येतो, काय म्हणतो, काही करायला सांगतो का, हे सगळं सर्दी-खोकल्याचं विचारावं तसं विचारलं. काय म्हणतो, याला मी नुसतं "हाक मारते" एवढंच उत्तर दिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी न हसता, न घाबरता ऐकून घेतलं, आणि मला रडूच फुटलं. मग त्या म्हणाल्या, "माहेरी कुणाला असं व्हायचं का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तू दिसलीस. स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस, हात पिठानं भरलेले. एक बोट वर करतेस. थांबतेस. दुसरं वर करतेस. मी काही विचारायला जाते तर डोळ्यांनीच दटावतेस. तव्यावरची भाकरी करपते, तरी तू बाहेरच्या उन्हाकडे कान लावून उभी. कितीतरी दुपारी हे असंच. मला वाटायचं, मला रीत शिकवतेय. माय, तेव्हा बाहेरून हाक येतच नव्हती. मला एकदाही ऐकू आली नाही. तुला कोण बोलवत होतं गं? आणि तू तरी हे कुणाला सांगणार होतीस?

मी विचारलं, "गोळीनं हाक जाईल?" त्या म्हणाल्या, "बहुतेक जाईल. काही आठवडे लागतील. आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही." याचसाठी तर आले होते, पण तू पुन्हा एकदा जाणार होतीस, आणि या खेपेला माझ्याच हातानं. गोळी त्याच रात्री सुरू केली.

आता हाक येत नाही. झोप लागते, कामावर चित्त लागतं, जावई तुझे खुशीत आहेत. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारतात, आवाजाबद्दल आणखी काही सांगायचं राहिलंय का. मी नाही म्हणते. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून तुला सांगते. तू जन्मभर मला "ए पोरी" म्हणालीस, तेही बहुतेक रागानंच. ती हाक तुझ्याच आवाजात "बाळा" म्हणायची. धास्ती खरी होती, माय, पण ते ऐकायला मी सुट्टीच्या दुपारी मुद्दाम घरी थांबायचे.