खैरी व परिसर : पाठवला

१७ फेब्रुवारी, सोमवार

क्लाउड म्हणे! ऑफिसातला जुना सर्व्हरचा डबा आजपासून निवृत्त. वाघांचा सगळा डेटाबेस आता हैदराबादेत की आणखी कुठं, देव जाणे. मी मात्र लोहाऱ्यातच, त्याच मोडक्या खुर्चीवर. काळ्या खिडकीत एक कमांड द्यायची, की फाईलीतली स्टेटमेंटं – डेटाबेसला द्यायचे हुकूम – एकामागून एक तिकडं जाऊन चालतात. मध्ये एक अडलं की पुढची सगळी थांबतात. अवधूत सर मागं उभे राहून दोनदा म्हणाले, "जपून हं, पुष्पा." संस्था त्यांची, जीवही त्यांचाच टांगणीला. वाघ दिसला की आसपासच्या गावांतल्या वाघदूतांना मेसेज पाठवायचा – एवढंच आमचं काम. पण सर ते पाहुण्यांना सांगायला लागले की चहा गार होतो.

पहिली बॅच विनातक्रार गेली. येताना वांगी आणली.

१८ फेब्रुवारी

दुसरी बॅच अडली. कुठल्याशा वाघदूताच्या नावात कुणीतरी अवतरणचिन्ह टाकून ठेवलंय – तिथंच सगळं ठप्प! काढलं. चालली.

२० फेब्रुवारी

याडीचा – आईचा – फोन. होळीला येशील ना? येईन म्हटलं. बापू बाजूलाच होता, खोकताना ऐकू आला. बोलला नाही. मीही "त्याला दे" म्हटलं नाही.

डिसेंबरपासून आम्हा बापलेकीचं हे असंच. शकुबाई गेली तेव्हापासून. राजकुमारभाऊची बायको – सकाळी कापूस वेचायला गेली आणि नाल्याजवळ वाघानं धरली. खैरीलगतच्या आमच्या लखीराम तांड्याचा वाघदूत तेव्हा बापू. मेसेज आला की थाळी वाजवत तांडाभर फिरायचं, मग कुणी वावरात जात नाही. त्या दिवशी थाळी वाजलीच नाही. बापू म्हणाला, मेसेज आलाच नाही. सरांनी माझ्याकडून अहवाल काढून घेतला – "खैरी व परिसर : पाठवला". तांड्यात तो वाचून दाखवायला मीच गेले, कारण सरांना आमची बंजारा बोली येत नाही. बापूला मीच सगळ्यांदेखत म्हणाले, मशीनला खोटं बोलून काय मिळणार?

तेव्हापासून तांड्यात त्याच्याशी कुणी बोलत नाही. वाघदूत आता राजकुमारभाऊ. बापू शेळ्या घेऊन जातो, शेळ्या घेऊन येतो. वाईट वाटतं. पण झोपला तो झोपला, त्याला मी काय करू?

२५ फेब्रुवारी

खैरीच्या नाल्यावरच्या कॅमेऱ्यात वाघीण, सोबत दोन पिल्लं. क्लाउडवरून पहिलीच सूचना गेली. सर खूश. पेढे आणतो म्हणाले, आणले नाहीत.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, सुट्टी. उपास नाही केला. साबुदाणा मात्र दोनदा खाल्ला.

२७ फेब्रुवारी

राजकुमारभाऊचा फोन. ऑफिसच्या नंबरवर, म्हणून मराठीत. आवाज चढलेला.

"खैरीत परवा दवंडी झाली, आमच्या इकडं काहून नाही? बाया वावरात गेलत्या ना! वापस आल्या हे नशीब म्हना. मले मेसेज आलाच नाही."

आलाच नाही. बापूचेच शब्द.

सरांना सांगितलं. म्हणाले, "यानंही पाहिला नसेल. अहवाल काढ." काढला. "खैरी व परिसर : पाठवला."

पण हा माणूस मोबाईल हातातून सोडत नाही. बायको गेलीय त्याची! तो कशाला खोटं बोलेल? आणि तो खोटं बोलत नसेल तर – इथं थांबले. उठून चहा केला.

२८ फेब्रुवारी

क्लाउडवर नेताना तांड्याच्या ओळी सांडल्या असतील, असं धरून दिवसभर शोधलं. सांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग चूक या महिन्यातली, डिसेंबराशी तिचा संबंध नाही.

सांडलेल्या नाहीत. राजकुमारभाऊचं नाव आहे, नंबर बरोबर आहे.

जुना डबा अजून कपाटात आहे. उद्या लावून बघते.

१ मार्च, शनिवार

सापडलं.

मेसेज पाठवणारं स्टेटमेंट दोन टेबलं गावाच्या कोडवरून जुळवतं – एकात गावं, दुसऱ्यात वाघदूत. कोड जुळला तर त्या माणसाला मेसेज. कोडची जागा रिकामी असेल तर ती ओळ कशाशीच जुळत नाही, गळून जाते. चूक म्हणून दाखवतसुद्धा नाही. आणि अहवाल माणसागणिक निघतच नाही, परिसरागणिक निघतो. खैरीतल्या एकाला गेला की अख्खा परिसर "पाठवला".

तांड्यांच्या ओळींना कोड नाही. एकाही तांड्याच्या नाही. जुन्या डब्यातही नाही. बाकीच्या तांड्यांकडं वाघ फिरकलाच नाही, म्हणून कळलं नाही. आमच्याकडं तो पहिल्यांदा आला डिसेंबरात.

त्या ओळी मीच घातल्या. मागच्या पावसाळ्यात, एका बॅचमध्ये. सरकारी यादीत कोड गावाला असतो, तांड्याला नसतो. तांडा गावाच्या पोटात धरतात. सर म्हणाले होते, "खैरीचाच कोड टाक ना, संपलं." मी म्हणाले होते – किती जोरात म्हणाले होते! – "आमचा तांडा म्हणजे खैरीचं शेपूट नाही, सर." स्वतःचा कोड मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवली. मान राखला तांड्याचा!

वाघदूतांच्या प्रशिक्षणाच्या दिवशी बापूच्या मोबाईलवर मेसेज वाजला होता, तो सरांनी स्वतःच्या फोनवरून केलेला. बापू केवढा हसला होता तेव्हा.

बापूला मेसेज आलाच नव्हता. शकुबाई माझ्या त्या रिकाम्या जागेमुळं गेली. असं लिहून बघितलं.

३ मार्च

सरांना सगळं सांगितलं.

मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता खैरीचा कोड भर. राजकुमारला मी सांगतो – तुमचा नंबर नवीन होता, नव्या सिस्टिमवर चढायचा राहिला." मी विचारलं, आणि डिसेंबरचं? "जुनं कशाला उकरतेस? गेलेली बाई परत येणार नाही. संस्था बंद पडली तर मेसेज कुठल्याच गावाला जाणार नाही. आणि नाव तुझंच येईल, पुष्पा. मी अडवत नाही तुला. विचार कर, एवढंच म्हणतो."

वाईट माणूस नाही. माझ्याइतकाच घाबरलेला.

अपडेटची बॅच लिहिली. सगळे तांडे आपापल्या गावाच्या पोटात. कमांड दिली, डोळा लवायच्या आत झालं. एवढंच होतं ते काम.

६ मार्च

वाघीण पुन्हा नाल्यावर. सूचना गेली. थोड्या वेळात राजकुमारभाऊ – "आला वं पुष्पा, आला! थाळी वाजोली, एक बाई बाहेर पडली नाही!" मागं कुणीतरी अजून थाळी बडवतच होतं.

बरं वाटलं. मग फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले.

८ मार्च

बापूला सांगायचं. त्याला तरी सांगायलाच हवं. मग राजकुमारभाऊला. ठरलं.

९ मार्च, रविवार

सकाळच्या बसनं गेले. बापू शेळ्यांपाशी होता, पळसाखाली. बसले बाजूला आणि सांगून टाकलं – कोड, रिकामी जागा, सगळं. त्याला कोड म्हणजे काय ते कळलं नसेल. त्यानं एकच विचारलं. आमच्या बोलीत बोलला, लिहिते मराठीत.

"म्हंजे आलाच नव्हता?"

"नव्हता, बापू."

तो हसला. खरंच हसला! "मलेच वाटाले लागलं होतं का आलता, अन् मीच झोपून राह्यलो. तुही याडीबी तसंच म्हणे. रोज इचार करू करू डोकं दुखे."

मला वाटलं होतं, चिडेल. चिडला असता तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, आता इथूनच राजकुमारभाऊकडं जाते, सांगते.

त्यानं हात धरला. "कोनाले सांगू नको."

का?

"माह्यावर आहे ते राहू दे. मी आता किती दिवसाचा? तुह्यावर गेलं तं तुले इथं पाय ठेवू देनार नाहीत. अन् तांड्यातली एक पोरगी कोनी बाहेर शिकाले धाडनार नाही. म्हनतील, पाहा, शिकली अन् आपलीच बाई खाल्ली."

मी म्हणाले, तुझ्याशी कुणी बोलत नाही, बापू. तो म्हणाला, "शेळ्या बोलतेत. अन् तू बोलून राह्यली ना आता."

मी हो म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की मलाच नवल वाटलं. आणि सुटल्यासारखंही वाटलं – खोटं कशाला लिहू?

१० मार्च

रोजचं काम. तिसरी बॅच. जुन्या डब्यातलं सगळं पुसून तो भंगारात द्यायचा, असं सर म्हणाले. पुसलं.

१२ मार्च

होळीला जाऊच नये, असं वाटतं. याडीला कबूल केलंय.

१४ मार्च

आमची होळी पहाटे पेटते. लेंगीची गाणी झाली, बाया नाचल्या. खैरीचे सरपंचही आले होते. राजकुमारभाऊनं डफ थांबवायला लावला आणि मला पुढं बोलावलं. "हिच्यानं आपल्याले मेसेज येऊन राह्यले. आपल्या तांड्याची पोरगी आहे!" म्हणाला, त्या दिवशी तांड्याचा मोबाईल हिच्या हाती असता तर माही शकु वाचली असती. रडला. मला नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शरमेनं मान वर होत नव्हती. लोकांना वाटलं, लाजतेय.

गर्दीच्या पार मागं, शेळ्यांच्या गोठ्यापाशी बापू एकटा उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता.

नारळ घेतला मी.