आधी पोचणारी गोटी

दि. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू शिवलेला खिशाखिशांचा एप्रन मिळाला. वर्कशॉपातल्या सगळ्यांना आता तसाच हवाय, तेव्हा तुझी सुटका नाही.

माझं यंत्र एकदाचं आमच्या विज्ञान केंद्राच्या दालनात बसलं. कसं आहे सांगते. पोलादी गोट्यांसाठी शेजारीशेजारी दोन घसरगुंड्या. दोन्ही एकाच उंचीवर सुरू होतात आणि एकाच जागी संपतात. एक सरळ उतरती. दुसरी मधेच झोल खाऊन खाली जाते आणि परत वर येते. दोन गोट्या एकदम सोडायच्या. झोलवाली वाट लांबची, तरी तिचीच गोटी आधी पोचते, कारण खाली उतरताना कमावलेला वेग तिला पुढे काढतो. बघणारे बहुतेक सगळे पैज हरतात. काल एक आजोबा माझ्यावरच चिडले, गोट्या बदलून मागितल्या आणि परत हरले.

आमच्या दारावर पाटी आहे, कृपया हात लावा. बाबांच्या दुकानात उलटं ऐकून कान किटलेत माझे, म्हणून रोज आत शिरताना ती वाचते.

महिनाअखेरीस बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, ठरवणार मला कायम करायचं की नाही. नाही केलं तर बाबांना शब्द दिलाय तसं, वर्ष संपलं की गाशा गुंडाळून दुकानात परत. दारं-कपाटं वाईट नाहीत गं. पण मला हेच करायचंय.

बाबांसाठी पास पाठवतेय. खेळणी बघायला वेळ नाही म्हणतील. तरी दे. वर्षभर आम्ही बापलेक तुझ्याच मार्फत बोलतोय, तुला टपालखात्याने पगार द्यायला हवा.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी
खुडबुड


दि. १२ मार्च

चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

पास दिला. दादा म्हणाला, खेळणी बघायला वेळ नाही. शब्द न् शब्द तुझाच, तू काय पडद्यामागून सांगत होतीस की काय! पण पास फाडला नाही, चष्म्याच्या डबीत ठेवला.

पुढची गंमत ऐक. शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी सकाळीच बाहेर. विचारलं तर म्हणे बिजागऱ्या आणायला. बिजागऱ्यांचं दुकान आपल्या गल्लीच्या तोंडाशी, त्याला इस्त्री कशाला? दिवेलागणीला आला, हातात बिजागरी नाही. शिट्टी मात्र वाजवत होता. तुझ्या आईच्या माघारी मी ती पहिल्यांदाच ऐकली. जेवताना आपणहून म्हणाला, हल्लीच्या पोरांच्या हातात कसब आहे, पण लेव्हल तपासायचा कंटाळा. बरं झालं, मी वेळेवर पोचलो. कुठे पोचलास विचारलं तर आमटी वाढ म्हणाला.

मला काही उलगडा झाला नाही. तुला झाला तर कळव.

स्वतःची काळजी घे. एप्रनचं कापड आटतं, गार पाण्यातच धू. माया आहे तशीच आहे, तू फक्त पत्रं लांबवू नकोस.

तुझी
आत्या


दि. १९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उलगडा झाला. बसून वाच.

शनिवारी शाळेची सहल आली. गोट्या सोडल्या, दोन्ही बरोबर एकाच वेळी पोचल्या. परत सोडल्या, परत तेच. पोरांनी हुर्यो उडवली आणि त्यांच्या शिक्षकांनी बाईंना विचारलं, यात विज्ञान कुठलं? मी धावत गेले. बघते तर झोल गायब! कुणीतरी मधल्या टेकूचे चारही स्क्रू सोडून, टेकू वर सरकवून, झोलवाली वाट पट्टी लावल्यासारखी सरळ केली होती. खाली पाचरसुद्धा मारलेली, पुन्हा खचू नये म्हणून.

रखवालदार म्हणाला, काल एक गृहस्थ आले होते, वर्कशॉपातलेच वाटले. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि याला बॅटरी धरायला सांगितली, नीट धरत नाही म्हणून रागावलेसुद्धा. मग कोण शंका घेणार?

बाईंनी स्क्रू पाहिले. चारही खाचा उभ्या, एका रेषेत. म्हणाल्या, आपल्याकडे असे स्क्रू एकच माणूस पिळतं. म्हणजे मी. मीच केलं आणि मीच विसरले, असं त्यांना वाटलं.

आत्या, मला ही सवय कुणी लावली ते तुला ठाऊकच आहे. सातवीत एक खाच तिरकी राहिली म्हणून आख्खं कपाट परत उघडायला लावलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि हसत सुटले. बाईंना वाटलं, मी कामाची थट्टा करतेय.

खरं सांगितलं नाही. बिघडलेलं काम नीट केलं असं समजून बाबा शिट्टी वाजवत घरी गेले. त्यांनी आयुष्यात एकच काम बिघडवलं आणि ते माझं, हे मी चारचौघांत कसं सांगू? माझंच चुकलं, असं मी बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, मग कायम करायचं की नाही याचा नव्याने विचार करावा लागेल. यंत्र मी त्याच संध्याकाळी पूर्ववत केलं.

बाबांना यातलं अक्षर सांगू नकोस. माझी शपथ आहे.

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहवलं.

तुझी
खुडबुड


दि. २५ मार्च

चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

सांगितलं. रागव हवं तर. तुझं पत्र आलं की तो रंधा थांबवतो आणि मी मोठ्याने वाचते, हे वर्षभर चाललंय. तुला कधी कळवलं नव्हतं. शपथ शेवटी लिहायची असते का, वेडे? तिथवर येईतो सगळं वाचून झालं होतं. ३ तारखेच्या पत्रातलं यंत्राचं वर्णन मात्र मला समजलं नाही म्हणून तेव्हा गाळलं होतं, तेही मग वाचून दाखवलं.

आधी तो चिडला. लांबच्या वाटेने गोटी आधी पोचणं शक्यच नाही म्हणाला. दुकानात जाऊन सागाच्या दोन घसरगुंड्या केल्या, एक सरळ, एक झोलवाली, तुला खोटं पाडायला. दोन दिवस घरभर गोट्यांचा खडखडाट. समोरच्या घड्याळवाल्याला साक्षीला बोलावलं. घड्याळवाला पैज हरला. दादाने झोल आणखी घासूनपुसून पाहिला, गोट्यांची अदलाबदल केली. मग स्टुलावर बसून राहिला. आज सकाळी कागद मागितला आणि तुझ्या बाईंचा पत्ता. तुलाही लिहितोय. माझी नोकरी गेली म्हणायची.

राग ओसरला की दोन ओळी टाक.

तुझी
आत्या


दि. २५ मार्च

चि. खुडबुडीस,
आशीर्वाद.

तुमच्या दालनातलं काम मी बिघडवलं. पाटीवर हात लावा असं होतं, म्हणून लावला. झोल मुद्दाम ठेवला असेल हे डोक्यात आलं नाही. माझ्या दुकानात झोल म्हणजे चूक. तुझी चूक कुणाला दिसण्याआधी काढावी, एवढाच विचार होता. हाक मारायला हवी होती. तू जिन्यावर मुलांना काही समजावत होतीस, म्हणून मारली नाही.

बाईंना सगळं लिहिलं आहे. खाचा ओळखल्या यात त्यांची चूक नाही, माणूस ओळखण्यात झाली, तेही लिहिलं आहे.

वर्षाची अट मी घातली होती, मीच काढतो. त्यांनी कायम केलं तर उत्तम. नाही केलं तर असली कामं मागणारं दुसरं कुणी शोध. दुकान कुठे जात नाही.

एक सूचना. तुझ्या मधल्या टेकूला पाचर हवीच, पोरं रेलतात. झोल आहे तसाच ठेवून मारायची. नमुना वेगळा पाठवत आहे.

दोन्ही घसरगुंड्या दुकानाच्या दर्शनी खिडकीशी मांडल्या आहेत. शाळा सुटल्यावर गर्दी होते. आत्याने पाटी रंगवायला घेतली आहे. तुमच्या दारावरच्या पाटीचं अक्षर किती मोठं आहे, ते मोजून कळव.

कळावे.

बाबा