बायकांची आखणी

१२ जून १९९६, पेण
नानांचा हात थरथरतो. आज कारखान्यात सगळ्यांनी बघितलं. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा सदऱ्यावर. गणपतीचे डोळे आखणारा हात तो, थरथरायला लागला म्हणजे काय ते आम्हाला कळतं.
आम्ही बायका अंग रंगवतो, पितांबर रंगवतो, दागिन्यांना सोनेरी लावतो. डोळ्यांची आखणी नानांची, कारखानाच त्यांचा. काम फार झालं तर बबनची. बायकांच्या हाती डोळे नाहीत. विमलताईनंतर नाहीतच.

२० जून
नानांनी बाजूला बोलावलं. "सुलभा, आखणीला बसशील?"
मग म्हणाले, "पाटीवर करतेस ते ठाव हाय मला." इतकी वर्षं मी चोरून गिरवतेय आणि यांना सगळं माहीत! हरखूनच गेले. मग पुढचं वाक्य आलं. "पण विमलसारखं नको व्हायला, बाय. बायकांचं नाव कायमचं जाईल."
विमलताई माझ्याआधी इथे होती. कारखान्यात डोळे आखणारी पहिली बाई. रोह्याच्या एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा डावा डोळा तिच्या हातून जरा तिरका गेला. त्याच वर्षी विसर्जनाला मंडळातला एक जण पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. ती काम सोडून रोह्याला गेली, आणि इथे कायदाच झाला, बायकांची आखणी नको.
बबन काय चुकत नाही? दिवसातून कितीदा तरी चुकतो. शिव्या खातो, ओल्या फडक्याने पुसतो, वर पांढरा हात मारून परत आखतो. बबन चुकला की बबन चुकतो. विमलताई चुकली तर पेणमधल्या सगळ्या बायका चुकल्या.

३ जुलै
कुसुम नि ज्योती डबा घेऊन शेजारी बसल्या. दोघी अंगाचा रंग देतात, हात चांगला आहे. कुसुम म्हणाली, "ताई, तुझं नीट झालं तर पुढच्या साली आम्हाला पण बसवतील. चुकू नको गो." मायेनेच म्हणाली. मी डबा तसाच झाकून ठेवला.
घरी सांगितलं तर हे म्हणतात, "डोळेच काढायचेत ना? त्यात काय एवढं?" यांना काय सांगणार, कपाळ.

१९ जुलै
लहान मूर्ती छान जातायत. एकदा हात बसला की बुबुळ आपसूक उतरतं. फार आनंद होतो, खोटं कशाला बोलू.
पण बसायला मिळालीय ती जागा विमलताईची. खिडकीखालची. मागे कोणीतरी उभं आहे असं सारखं वाटतं. मान वळवली की नुसत्या मूर्ती. डोळे नसलेल्या, ओळीने.

२४ ऑगस्ट
मोठी मूर्ती. रोह्याच्या त्याच मंडळाची. नानांनी मुद्दाम मला दिली की त्यांना दुसरा इलाज नव्हता, कोण जाणे. सगळा कारखाना काम टाकून बघायला उभा. उजवा डोळा असा उतरला की माझंच मन भरून आलं. तेवढ्यात मागून बबन, "विमलचा पण उजवा झकास झालेला."
डाव्याचं बुबुळ बाहेर गेलं. तांदळाच्या कणीएवढंच, पण गेलं.
ओलं फडकं मांडीवरच होतं. पुसायचं, बस. बबनने पुसलंच असतं. पण मी पुसलं असतं तर "बाईने पुसलं" हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. कुसुम समोर हात जोडून उभी. मी म्हणाले, "झालं."
बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुसुम रडली. नाना म्हणाले, "शाब्बास." नानांना हल्ली दिसतंही कमीच.

२५ ऑगस्ट
कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी कुठेही उभी राहिले तरी मला दिसतं.

३१ ऑगस्ट
मंडळाचा टेम्पो येऊन मूर्ती घेऊन गेला. नानांनी छातीठोक सांगितलं, "आखणी आमच्या सुलभाची." पोरं खूश. एक म्हातारे गृहस्थ मात्र मूर्तीकडे न बघता माझ्याकडे बघत होते. वडखळचा नाका ओलांडला असेल एवढ्या वेळाने माझा श्वास सुटला. दुसऱ्या कोणाला नाही दिसलं, पण विसर्जनाच्या पाण्याला दिसलं तर? मूर्खासारखा विचार. पण येतो.

१९ सप्टेंबर, रोहा
माहेरी आलेय. विमलताई मागच्याच आळीत राहते. मंडळाच्या गणपतीला ती कधी जात नाही. "माझ्यासाठी चल," म्हटल्यावर आली.
बराच वेळ बघत राहिली. मग माझं मनगट धरलं. "पुसलंस का नाय गो?"
"सगळे बघत होते."
"माझ्या येळेला पण बघत होते."
तशाच परत आलो. दारात मनगट सोडलं तेव्हा कळलं की तोवर धरूनच होती.

२८ सप्टेंबर, पेण
विसर्जन पार पडलं. सगळे सुखरूप घरी आले, रोह्याहून दादाचा निरोप आला. देवापुढे साखर ठेवली. तो डोळा आता कुंडलिकेच्या पाण्यात विरघळला असेल. सुटले.

१६ नोव्हेंबर
मंडळाने मूर्तीचा मोठा फोटो पाठवला, काचेच्या चौकटीत. नानांनी हौसेने भिंतीवर लावला, खिडकीसमोर. म्हणाले, "पोरी आता शिकायला बसतील. त्यांच्या डोळ्यापुढे बाईचं काम पायजे." कुसुम नि ज्योतीला पाट्या दिल्या.
मला हसू आलं नाही की रडू. एका जागी सुटले तर दुसऱ्या जागी चौकटीत.

४ डिसेंबर
चार दिवस तापाने घरी होते. आज गेले तर दोघींच्या पाट्या भरलेल्या. फोटो बघून बघून गिरवलंय. एकेक डोळा रेखीव. आणि प्रत्येक जोडीत डावं बुबुळ कणीभर बाहेर.
कुसुमचा चेहरा फुलला होता. "तुझ्यासारखा उतरला ना, ताई?"
बबन जाता जाता म्हणाला, "आता बायकांची आखणी लांबून वळखता येईल." चांगल्या मनाने म्हणाला. नाना पण हसले.
फडकं भिजवून आणलं. कुसुमने पाटी माझ्यापुढे धरली. पुसायला नव्हे, शाबासकीला. पुसायचं म्हणजे का ते सांगायला हवं, नानांसमोर, बबनसमोर. न पुसावं तर पुढच्या साली हे डोळे मूर्तींवर उतरणार.
"उद्या बघू," म्हटलं.
फडकं पदराखाली घेऊन घरी आले. वाळत घातलेलं नाही. अजून ओलं आहे.