उन्हात ठेवलेलं पिक्रिक ॲसिड

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी अकरा चाळीस.

पेन्शनच्या कागदांसाठी कॉलेजात गेले होते, तेव्हा मी केमिस्ट्री लॅबच्या खिडकीत पिक्रिक ॲसिडची बाटली उन्हात वाळताना पाहिली. ही पिवळी पूड पाण्याखाली असते तोवर गरीब. वाळली की नुसतं झाकण फिरवल्यानेही स्फोट होऊ शकतो. इतकी वर्षं मी दर सोमवारी तिच्यात पाणी घातलं, रिटायर होताना तसं लिहूनही दिलं. आणि आज इन्स्पेक्शन म्हणून प्राचार्यांनी ते पाणी ओतून टाकायला लावलं! का, तर ओली बाटली गचाळ दिसते.

लॅब अटेंडंट दिनकरराव झाकणाला हात घालणार, एवढ्यात मी ओरडले. बोटं आधीच पिवळी झालेली त्यांची.

प्राचार्य हसले. "मॅडमजी, आप तो रिटायर हो गईं, टेन्शन मत लो. इंदौर है, सफाई तो दिखनी चाहिए."

सफाई! ती पिवळी बोटं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी पाच मिनिटं उशिरा पोचले असते तर?

सगळ्यांना बाहेर काढून कुलूप मीच लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. प्राचार्यांना पत्र लिहिलंय: बाटली हलवायला जाणकार माणसं कधी येणार, ते उद्या दुपारी बाराच्या आत लेखी कळवा. तोंडी 'हो जाएगा' चालणार नाही.